काशीरामकाकांची दहा बोटं

माझ्या डाव्या पोटरीवर चार इंचांचा एक व्रण आहे. कशाचा, असं कुणी विचारलं की मी सांगतो, "हेलिकॉप्टर लागलं." समोरचा हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचं थांबतो. त्यानंतर मला सगळं सांगावं लागतं. ते सगळं खरं तर माझ्याबद्दल नसतंच, काशीरामकाकांबद्दल असतं.

माझा धंदा संशयाचा. विमा कंपन्यांसाठी मी नुकसानीची पाहणी करतो. कुठं गोदामाला आग लागली, कुठं क्रेन आडवी झाली, की मी जातो, जळकं-मोडकं उलटसुलट करून बघतो आणि कशानं झालं ते लिहितो. सत्तावीस वर्षांत एक कळलं. घडलेलं कारण वेगळं असतं आणि सांगितलेलं वेगळं. माणसं अगदी धडधडीत खोटं बोलतात असं नाही, सोयीचं बोलतात. माझ्या फायली बघितल्या तर निम्म्या आगी शॉर्टसर्किटनं लागल्या असं वाटेल, आणि त्यातल्या बऱ्याच कागदांखाली माझीच सही आहे. त्यामुळे कुणी कारण सांगायला लागलं की मी मनातल्या मनात थोडं कापूनच घेतो. काशीरामकाका हा एकच माणूस, ज्याच्या बोलण्यातलं मी काही कापत नव्हतो.

ते मुलुंड पूर्वेला राहतात. वडील कणकवलीकडचे, लालबागला गिरणीत होते. काका शाळेत असतानाच घर विकून मंडळी मुलुंडला आली. काका सतराव्या वर्षी इथल्याच एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागले आणि एकेचाळीस वर्षं लेथवर उभे राहून रिटायर झाले. वय सदुसष्ट. बुटके, काटक, आवाज मात्र शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. रिटायर झालेल्या माणसाला लोक पेन्शन विचारतात. काकांना विचारलं तर ते दोन्ही पंजे पसरून दाखवायचे. "दहा," म्हणायचे. "एकेचाळीस वर्षं लेथवर, आणि दहाच्या दहा. माझ्या लायनीत बघ कुणाची आहेत."

ही फुशारकी नव्हती, निदान नुसती फुशारकी नव्हती. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक रिवाज होता. पाळी सुरू व्हायच्या आधी फोरमन सगळ्यांना मशिनींसमोर उभं करायचा आणि ओरडायचा, "हात दाखवा!" सगळ्यांनी दोन्ही हात पुढं करायचे. अंगठी, घड्याळ, मनगटाला बांधलेला गंडा-दोरा, सुटी बाही, काही चालायचं नाही. फिरत्या यंत्राला सुताचा एक धागा सापडला तरी त्यामागून हात आत जातो, असं तो फोरमन सांगायचा. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर कापलेल्या राख्यांचा ढीग असायचा. बहिणीच्या नावानं शिव्या खाव्या लागल्या तरी बेहत्तर, पण बोट राहिलं पाहिजे.

आता या माणसाचा आणि हेलिकॉप्टरचा संबंध मी जोडून दिला. मला रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरांचा नाद आहे. आम्ही सात-आठ जण आहोत, सगळे मुलुंड-भांडुपचे, बहुतेक नोकरदार. दर रविवारी सकाळी सात वाजता एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानावर जमतो. आठ वर्षांपूर्वी माझ्या हेलिकॉप्टरचा मुख्य दांडा, म्हणजे ज्यावर वरची पाती फिरतात तो, वाकला. नवा मिळायला महिना लागणार होता. कुणीतरी सांगितलं, अमुक गाळ्यात एक म्हातारा अर्धा दिवस बसतो, तो सरळ करून देईल. मी गेलो. काकांनी दांडा लेथला लावला, काटा बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे सरळ करून देणार नाही. एकदा वाकलेलं पुन्हा तिथंच वाकतं. नवीन करून देतो. कशाचं आहे हे?"

मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. हेलिकॉप्टर उलटं होऊन गवताला पाती टेकतील इतकं खाली येत होतं. व्हिडिओतला मीच, चार पावलांवर उभा होतो. काकांनी तो दोनदा बघितला.

"तुझं नाव काय?"

"देवव्रत."

"देव्या, बायकापोरं आहेत ना तुला?"

पुढच्या रविवारी ते मैदानावर हजर. बोलावलं नव्हतं. हातात चुन्याची पिशवी होती. आम्ही उडवायचो तिथून पंचवीस पावलं मोजली आणि त्यांनी मैदानावर आडवी रेघ मारली. पाती फिरत असताना उडवणारा सोडून कुणीही या रेघेच्या पुढं यायचं नाही. मग ओरडले, "हात दाखवा!" आम्ही सुशिक्षित माणसं, एकमेकांकडे बघून हसलो. काका हसले नाहीत. एकेकाची अंगठी आणि घड्याळ काढायला लावलं, गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यासुद्धा.

"काका, खेळणं आहे हो," असं केयूर म्हणाला होता. केयूर आमच्यातला सगळ्यात उतावळा. मुलुंड पश्चिमेचा गुजराती मुलगा, तिशीचा, कॉम्प्युटरवाला, मराठी आमच्याहून फर्डं.

"खेळणं?" काका म्हणाले. "लेथचा चक असतो ना, काम पकडणारा, तो जाग्यावर फिरतो. तू हात घातलास तर बोट जातं, नाही घातलास तर नाही जात. हा चक उडतो. मिनिटाला दोन हजार फेरे घेत तुझ्या अंगावर येतो. कोण मोठं मशीन, सांग."

त्यातून दुधीचा कार्यक्रम सुरू झाला. ग्रुपमध्ये नवा माणूस आला की त्यानं मंडईतून एक दुधी आणायचा. हेलिकॉप्टर जमिनीला पक्कं बांधायचं, पाती सुरू करायची आणि लांब काठीला बांधलेला दुधी त्यात सरकवायचा. दुधीचं काय व्हायचं ते सांगायला नको. नवा माणूस मग स्वतःहून अंगठी काढायचा. न कापलेला अर्धा दुधी वॉचमन भीमराज घरी न्यायचा.

वर्षभरात काकांनी स्वतःचं हेलिकॉप्टर केलं. विकत घेतलं नाही, केलं. आमच्यापैकी कुणाचं पडलं की मोडतोड ते मागून घ्यायचे. सांगाडा केयूरच्या हेलिकॉप्टरचा. त्यानं बॅटरी पट्ट्यानं नीट आवळली नव्हती, ती उडताना पुढं सरकली आणि यंत्र नाकावर आलं. शेपटी माझी, विजेच्या तारेजवळ शहाणपणा केला होता तेव्हाची. मोटर एका डेंटिस्टची, त्याने रिमोट चालू करायच्या आधी बॅटरी जोडली होती. पाती मात्र काकांनी कोरी घेतली. "पाती कुणाची वापरलेली घ्यायची नाही," ते म्हणायचे, "आतली चीर दिसत नाही." या यंत्राला आम्ही गोधडी म्हणायचो. काकांना नाव आवडलं असावं, कारण त्यांनी शिवी दिली नाही. नव्या माणसाला गोधडी समोर ठेवून ते एकेका भागावर बोट ठेवून सांगत जायचे, हा कुणाचा, कशामुळे आला. आमच्या सगळ्या चुका त्या यंत्रात जोडून ठेवलेल्या होत्या, आणि ते झकास उडायचं.

यावरूनच त्यांचा दुसरा नियम आला. कुणाचं यंत्र पडलं की चहाच्या आधी त्याने सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं. एका वाक्यात. "यार, वारा होता" चालायचं नाही. "वारा बिचारा उलट बोलत नाही म्हणून त्याच्यावर ढकलू नको," असं काका सुनवायचे. चूक स्वतःची असेल तर पुढचे चार रविवार रेघेमागं खुर्चीवर बसायचं, उडवायचं नाही. मग बाकीचे सगळे तिथल्या तिथं आपापलं यंत्र त्याच जागी तपासायचे. माझ्या धंद्यात जे मला सत्तावीस वर्षांत बघायला मिळालं नव्हतं, ते इथं दर महिन्याला चहाच्या आधी व्हायचं. लोक खरं कारण सांगायचे. म्हणून आठ वर्षांत आमच्यापैकी कुणाला साधा ओरखडा आला नव्हता.

या सगळ्यात एक माणूस नव्हता. काकांची बायको, शेवंतीकाकू. त्या मैदानावर कधी आल्या नाहीत. त्यांच्या वडिलांची दोन बोटं गिरणीच्या साच्यात, म्हणजे मागात, गेली होती. नवरा रिटायर झाला त्या दिवशी त्यांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, आणि दोन वर्षांत नवऱ्याने घरात हेलिकॉप्टर आणून ठेवलं. कॉटच्या बाजूला, टीव्हीच्या खाली. मी घरी गेलो की त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तूच तो." एवढंच. चहा मात्र भरपूर साखरेचा मिळायचा.

आता तो रविवार. आदल्या दिवशी शनिवारी दसरा होता.

वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसांची दसऱ्याची एक पद्धत असते. खंडेनवमीच्या आधी मशीन उघडायचं, धुवायचं, तेल घालायचं, एकेक बोल्ट आवळायचा. मग हळदीकुंकू, झेंडूचं फूल, आणि दसऱ्याला त्याला हात लावायचा नाही. त्याचा तो सुट्टीचा दिवस. दुसऱ्या दिवशी नारळ फोडायचा आणि थेट चालू करायचं. पूजा झालेलं मशीन पुन्हा उघडून बघत नाहीत. त्याची तपासणी आधीच झालेली असते, आणि देवाला दाखवून झाल्यावर पुन्हा खोलणं बरं दिसत नाही. काकांनी एकेचाळीस वर्षं हेच केलं होतं. गोधडीलाही दर वर्षी हेच करत होते.

त्या रविवारी त्यांनी मैदानावर नारळ फोडला, "हात दाखवा" म्हणाले, आमचे हात बघितले, स्वतःचे आम्हाला दाखवले. गोधडीच्या नाकावर कुंकवाचा टिळा होता. फूल त्यांनी काढून खिशात ठेवलं आणि उडवली.

पहिलं मिनिट सगळं ठीक होतं. मग ती एकदम डावीकडे कलली आणि आमच्याकडे यायला लागली. काकांनी रिमोटवरचं मोटर बंद करायचं बटण त्याच क्षणी दाबलं, हे मी बघितलं. दुसरा कुणी असता तर वाचवायला गेला असता आणि ती आमच्यात घुसली असती. ती रेघेच्या बरीच पलीकडे आपटली. पाती मात्र अजून फिरत होती. ती जमिनीला लागून फुटली, आणि एक तुकडा रेघ ओलांडून माझ्या पोटरीत शिरला. मी रेघेच्या तीन पावलं मागं होतो. वाट लागली, एवढंच मला सुचलं. दुखायला नंतर लागलं.

कुणी नॅपकिन बांधला, कुणी गाडी आणायला धावलं. मला खुर्चीवर बसवलं होतं. काका आधी माझ्यापाशी आले, पाय बघितला, मग गोधडी उचलून आणली आणि माझ्यापासून दोन हातांवर गुडघे टेकून बसले. मुख्य दांड्यावर, पात्यांच्या खाली, एक तबकडी असते. खालून बारीक दांड्या तिला वर-खाली करतात, त्यावर पाती कलतात आणि हेलिकॉप्टर वळतं. काकांचं बोट त्या तबकडीच्या खाली गेलं आणि थांबलं. मग त्यांनी नखानं काहीतरी ओढून काढलं. काळा दोरा होता, वीतभर, पिळून कडक झालेला. एक बारीक दांडी त्याने उपटून काढली होती. काळ्या सांगाड्यावर काळा दोरा, न शोधता दिसलाच नसता. काकांनी तो मुठीत धरला आणि खिशात घातला.

मग उभे राहिले. चहा अजून यायचा होता. ते म्हणाले, "दांडीचा स्क्रू सैल होता. मी आवळला नाही. चूक माझी."

पायातून रक्त गळत असतानाही मला माझ्या धंद्याची सवय सुटली नाही. ते वाक्य मी ओळखलं. असली वाक्यं मी हजार वेळा ऐकली आहेत.

अकरा टाके पडले. काका दवाखान्याच्या बाकावर दीड तास बसून होते. मी लंगडत बाहेर आलो आणि विचारलं, "काका, स्क्रू सैल होता?"

"होता म्हटलं ना."

"तुमच्या हातून राहिला?"

"माझ्या नाही तर तुझ्या बापाच्या?" असं म्हणून त्यांनी मान वळवली. आठ वर्षांत त्यांनी माझ्याशी बोलताना मान कधी वळवली नव्हती.

मला राग आला. पायाचा नाही, तो बरा होणारच होता. त्यांच्या तोंडून निघालेल्या कारणावर आम्ही आठ माणसं अंग टाकून होतो. त्यांनी स्क्रू म्हटलं की आम्ही स्क्रूच बघणार. दोरा कुणी बघणार नव्हतं, आणि दिवाळी तीन आठवड्यांवर होती. पाडव्याला घरोघरी गाड्यांची, यंत्रांची पूजा होते. पुढचा दोरा कुणाच्या यंत्राला बांधला जाईल आणि तो तुकडा कुणाच्या गळ्यात जाईल, ते सांगता येत नव्हतं. हे काकांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि तरी ते बोलत नव्हते. मी तरी का नाही बोललो? कारण सांगायचं ते ज्याचं त्यानं सांगायचं, असा आमचा नियम होता. हेही सोयीचंच कारण आहे, मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी शेवंतीकाकू आमच्या घरी आल्या. हातात शिऱ्याचा डबा होता. पट्टी उघडी करायला लावली, टाके बघितले.

"दुखता?" काकू अजून गावची मालवणीच बोलायच्या.

"आता कमी आहे."

"स्क्रू सैल होतो म्हणतत."

"काका तसं म्हणाले."

त्या बराच वेळ डब्याच्या झाकणाकडे बघत बसल्या. चहा नको म्हणाल्या. त्या गेल्यावर मला कळलं. त्या घरात दोरा बांधणारं दुसरं कुणीच नव्हतं. दोरा काकूंनी बांधला होता, आणि मोडकी गोधडी घरी आल्यावर त्यांनी तो शोधला होता. तो जागेवर नव्हता, म्हणजे काकांना सापडला होता. काका बायकोला सांगत नव्हते, बायको काकांना विचारत नव्हती, आणि दोघं एका खोलीत राहत होते.

पुढचे दोन रविवार काका नियमाप्रमाणे रेघेमागं खुर्चीवर बसले. चुना त्यांनीच टाकला, आता पंचवीसऐवजी चाळीस पावलांवर. पण काहीतरी बिघडलं होतं. "डोळे गेले काकांचे," असं कुणीतरी मागं म्हणालं. "वय झालं ना." एकानं हात दाखवताना अंगठी काढली नाही, आणि काकांनी बघूनही काही म्हटलं नाही. सगळे जण मात्र स्क्रू आवळत होते. दोनदा, तीनदा. मला त्या पानांची आणि पक्कडींची चीड यायला लागली होती.

तिसरा रविवार भाऊबीजेचा. काकू मैदानावर आल्या, आठ वर्षांत पहिल्यांदा. चकल्या, करंज्या, चिवडा असे तीन डबे होते. भीमराजनं त्यांना काकांच्या शेजारी खुर्ची दिली. केयूरनं नवीन हेलिकॉप्टर आणलं होतं, गोधडीच्या दीडपट मोठं. आदल्या दिवशी पाडव्याला त्याच्या आईनं, चेतनाबेननी, त्याची पूजा केली होती. नाकावर कुंकू, त्यावर तांदळाचे दोन दाणे चिकटलेले, आणि पात्यांच्या खाली दांड्याला लाल-पिवळा नाडा, गाठ मारून.

"हात दाखवा," काका खुर्चीवरूनच म्हणाले. केयूरनं हात दाखवले. अंगठी नाही, घड्याळ नाही. नियमात कुठंही खोट नव्हती. तो वळला आणि बॅटरी जोडायला वाकला.

मी काकांकडे बघितलं. त्यांना नाडा दिसला होता. डोळे गेले नव्हते. त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं. काकू डब्याचं झाकण लावत होत्या आणि ते लागत नव्हतं. मी उठायला लागलो, माझा पाय अजून नीट वाकत नव्हता. माझ्या आधी काका उठले आणि रेघ ओलांडून गेले.

"केयूर, बॅटरी काढ."

"काका, सगळे स्क्रू दोनदा बघितले ना मी."

"स्क्रूला काय धाड भरली होती? माझाही स्क्रू सैल नव्हता."

केयूरनं बॅटरी काढली. सगळे उभे राहिले. काकांनी खिशातून तंबाखूच्या चुन्याची रिकामी डबी काढली. तीन आठवडे ते ती खिशात घेऊन फिरत होते. देवाचा दोरा, कचऱ्यात टाकता येत नाही, आणि घरच्या निर्माल्यात घालायचा तर बायकोच्या नजरेला पडला असता. डबी उघडून त्यांनी तो पिळलेला काळा तुकडा तळहातावर घेतला.

"हा होता. तबकडीखाली. यानं दांडी उपटली. तुझ्या आईनं बांधलाय तिथंच, बरोब्बर त्याच जागी. मी तुम्हाला खोटं कारण सांगितलं."

"पण बांधला कुणी?" केयूरनं विचारलं.

"मीच. दसरा होता म्हणून."

"खोटा कित्याक बोलतास?"

काकूंचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. त्या डबे बाजूला ठेवून उठल्या. "दोरो मियां बांधललंय. गावच्या देवळातलो. ह्यांका दिसलो असतो तर काढून टाकलो असतो, म्हणून आत बांधलंय. देवाचो दोरो, राखतलो, असा वाटला माका." मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या पायाक लागला ता माज्यामुळे."

मी "असू दे काकू" असं काहीतरी पुटपुटलो, ते कुणाला ऐकूही गेलं नसेल. माझा तीन आठवड्यांचा राग कुठं गेला ते मला समजलं नाही, पण तो त्या क्षणी नव्हता.

"एकेचाळीस वर्सां," काकू काकांना म्हणाल्या, "दार उघडलंय काय मियां आदी तुमचे हात बघी, मगे तोंड. दहा मोजी, मगे चाय ठेवी. आता तरी सुटलंय म्हटला, तर तुमी ह्या घेऊन इलास."

एवढं बोलून त्या चालत रेघेपर्यंत आल्या, रेघेवर थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. पंजे पसरून, आम्ही दर रविवारी करतो तसे. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं असणार.

काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी ते हात नीट बघितले, आधी वरून, मग उलटे करून. आम्हा कुणाचेही इतका वेळ बघितले नव्हते. मग म्हणाले, "बांगड्या काढता यायच्या नाहीत. मागं सार." काकूंनी बांगड्या कोपराकडे सारल्या. "चल ये."

दोघं केयूरच्या यंत्रापाशी बसले. कात्री द्यायला केयूर पुढं झाला तर काकूंनी नको म्हटलं. बाईनं बांधलेली गाठ बाईनंच सोडायची, कापायची नाही, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि नखांनी तो नाडा सोडवला. घडी करून केयूरच्या हातात दिला. "आवशीक सांग, मनगटाक बांधलंय म्हणान. हय येताना काढून खिशात ठेव."

काकांची शिक्षा त्यांची त्यांनीच ठरवली. निष्काळजीपणाचे चार रविवार, खोट्या कारणाचे आणखी आठ. आम्ही जास्त होतात म्हटलं. त्यांनी आम्हाला गप्प केलं. बाराही रविवार ते खुर्चीवर बसले, आणि दुसऱ्या खुर्चीवर काकू. तेव्हापासून आमच्या मैदानावर दोन हुकूम आहेत. "हात दाखवा" काका म्हणतात. मग काकू वाचायचा चष्मा लावून एकेका यंत्रापाशी वाकतात, पात्यांच्या खाली दांड्याभोवती बोट फिरवतात आणि म्हणतात, "मान बरी आसा." त्याशिवाय कुणी बॅटरी जोडत नाही. गेल्या महिन्यात डेंटिस्टच्या यंत्रात त्यांना बायकोचा लांब केस सापडला. आम्ही त्याला दिवसभर चिडवलं. काका हसले नाहीत.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गोधडी पुन्हा उडाली. तबकडी नवीन होती. जुनी, वाकलेली तबकडी काकांनी एका तारेनं सांगाड्याला बाहेरून बांधून ठेवली आहे, नव्या माणसाला दाखवायला. त्यावर बोट ठेवून ते "ही माझी" म्हणतात. काकूंनी मान तपासली. पाती फिरायला लागली, गोधडी सरळ वर गेली, एक गिरकी घेतली. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो. मी सहज शेजारी बघितलं. काकू वर बघतच नव्हत्या. रिमोट धरलेल्या त्या दोन हातांवर त्यांची नजर होती, आणि ओठ हलत होते, एक ते दहा.